सांवली कोणत्या बाजूला?

वर्गाच्या मधोमध मेज ठेवावें, मेजावर पितळेचा तांब्या आणि त्याजवळ एखादें लिंबू मांडावें, आणि मुलांना सभोंवार बसवून "समोर दिसतें तसें काढा" असें सांगावें, ही चित्रकलेच्या तासाची रीत आमच्या शाळेंत फार जुनी आहे. पहिल्या पंधरा मिनिटांत बहुतेकांची बाह्यरेषा बऱ्यापैकीं साधते. गळा, पोट, बूड, कांठ, सर्व जागच्या जागीं येतें. परंतु तो तांब्या पत्र्याच्या कापलेल्या तुकड्यासारखा सपाट दिसतो. त्यांत ओंजळभर पाणी मावेल असें वाटत नाहीं. मग मुलें विचारतात, "सर, आतां छाया देऊं का?" खऱ्या चित्रकलेस प्रारंभ होतो तो येथून. हा प्रारंभ नीट व्हावा कीं बिघडावा, हें पुष्कळ अंशीं शिक्षकावर अवलंबून असतें. मीं तो कित्येक वर्षें बिघडविला, आणि तेंच या लेखाचें निमित्त आहे.

मी मूळचा शास्त्राचा शिक्षक. चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाल्यावर तो तासहि माझ्याकडे आला. मुलांना लवकर समजावें म्हणून मी फळ्यावर एक नियम लिहून देत असें : "उजेड डावीकडून, छाया उजवीकडे." हा नियम मीं कांहीं मनानें रचला नव्हता. उजव्या हातानें काम करणाऱ्यास डावीकडचा उजेड सोयीचा असतो, कारण हाताची सांवली कागदावर पडत नाहीं. आणि नमुन्यादाखल छापलेल्या चित्रांतहि बहुधा तसेंच असतें. नियम सोपा होता, मुलें तो पाठ करीत आणि त्यांचीं चित्रें गोलसर दिसूं लागत. मला वाटे, आपण उत्तम शिकवीत आहों.

गेल्या जुलैंत सातवीच्या वर्गांत एक मुलगी मेजाच्या दक्षिणेस बसली होती. आमच्या त्या वर्गाच्या खिडक्या पूर्वेस आहेत आणि तास सकाळचा होता. मी फिरतां फिरतां तिच्यामागें उभा राहिलों, तों तिनें तांब्याच्या डाव्या अंगास छाया दिलेली. "चुकीच्या बाजूला दिलीस," असें म्हणून मीं तिच्या हातांत खोडरबर दिलें. ती हळूच म्हणाली, "पण सर, सांवली तिकडेच आहे." मीं फळ्याकडे बोट केलें. तिनें मुकाट्यानें छाया खोडली आणि नियमाप्रमाणें उजवीकडे दिली.

पुढें कांहीं आठवड्यांनीं त्या वर्गाचीं चित्रें तपासतांना मी एकाएकीं थांबलों. मुलें मेजाच्या चारी बाजूंस बसलेलीं, खिडकी एकीकडेच, आणि प्रत्येक पानावर सांवली मात्र उजवीकडे! असें व्हावें कसें? दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी तो तांब्या पुन्हां मेजावर ठेवून त्या मुलीच्या जागेवर जाऊन बसलों. उजेड माझ्या उजव्या हातास होता आणि सांवली डावीकडे होती, अगदीं तिनें काढली होती तेथें. तासाला मीं तिला सर्वांदेखत सांगितलें, "त्या दिवशीं तूं बरोबर होतीस, मी चुकलों." तिच्या मनांत राग नव्हता. ती म्हणाली, "असूं दे सर, तसें काढलें कीं गुण मिळतात."

पालकहो, हें वाक्य मला फार लागलें. बारा वर्षांच्या मुलीनें आपल्या डोळ्यांनीं जें पाहिलें तें माझ्या सांगण्यावरून खोडलें, आणि त्याची किंमत तिला कळूं नये इतकें सहज खोडलें. म्हणून माझें मत येथें स्पष्ट लिहितों. छाया ही पाठ करून देण्याची वस्तु नव्हे. ती पाहून देण्याची आहे. जें मूल पाठ केलेली छाया देतें, त्याचें चित्र एखादे वेळीं उठावदार दिसेल, परंतु तें पाहावयास शिकलें असें म्हणतां येणार नाहीं.

प्रथम, सपाट कागदावर उठाव येतो तरी कशानें, तें पाहूं. उजेड एखाद्या पृष्ठावर सरळ पडला तर तें पृष्ठ सर्वांत उजळ दिसतें. तिरपा पडला तर तेवढाच उजेड अधिक जागेवर पसरतो आणि पृष्ठ मंद दिसतें. माध्यान्हींचें ऊन प्रखर आणि सकाळचें कोंवळें, याचें एक कारण हेंच. योहान लांबर्ट या शास्त्रज्ञानें १७६० सालीं आपल्या ग्रंथांत याचा नियम मांडला. त्याप्रमाणें, सरळ पडणाऱ्या उजेडापासून पृष्ठ ६० अंशांनीं कललें कीं त्यावरील उजेड निम्मा होतो. आतां चेंडूचा विचार करा. त्याचा उतार कणाकणानें बदलतो, म्हणून त्यावरील छटाहि कणाकणानें बदलते. खोक्याची बाजू कोपऱ्याशीं एकदम वळते, म्हणून तेथें छटाहि एकदम बदलते. रेषा वस्तूची हद्द सांगते, छटा तिचा उतार सांगते. आपला डोळा ती छटा वाचून "हें गोल आहे," "हें चौकोनी आहे" असा निर्णय क्षणांत देतो.

ज्यानें कधीं मन लावून पाहिलें नाहीं त्याच्या लक्षांत न येणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली अशी कीं, चेंडूचा सर्वांत काळा भाग त्याच्या कडेला नसतो. तो कडेच्या थोडा अलीकडे, पट्ट्यासारखा असतो. अगदीं कडेला पुन्हां किंचित् उजेड दिसतो, कारण मेजावर पडलेला उजेड उलटून तेथें पोंचतो. मेजावर लाल फडकें अंथरलें तर त्या कडेवर लालीहि चढते. लिओनार्दो दा विंची या चित्रकारानें १५०६ ते १५१० च्या सुमारास लिहिलेल्या टिपणांत, बीजेच्या चंद्रकोरीचा उरलेला भाग मंद कां दिसतो, याचें कारण असेंच सांगितलें आहे : सूर्याचा प्रकाश पृथ्वीवरून उलटून चंद्राच्या त्या अंधाऱ्या भागावर पडतो. दुसरी गोष्ट पडछायेची. वस्तूची जी सांवली मेजावर पडते ती वस्तूच्या बुडाशीं सर्वांत गडद असते, आणि दूर जातां जातां तिची कड मऊ होते. ही पडछाया नसेल तर चित्रांतील वस्तु अधांतरीं तरंगते.

हें सर्व समजल्यावर एक कबुली द्यावी लागते. पितळेचा घांसलेला तांब्या हा आरंभास अगदीं अयोग्य. चकचकीत पृष्ठावर छटांचा हा क्रम मोडतो. त्यावर खिडकीचें, फडक्याचें, इतकेंच काय, काढणाऱ्याच्या तोंडाचेंहि प्रतिबिंब असतें. मुलगा तीं सर्व पाहून गोंधळतो आणि निमूटपणें फळ्यावरील नियमाचा आश्रय घेतो. आरंभीं अंडें, खडू, न रंगविलेली मातीची पणती किंवा लहानसें मडकें घ्यावें. त्यावर उजेडाचा आणि सांवलीचा व्यवहार स्वच्छ दिसतो.

नियमानें छाया दिल्यास हानि काय, असें कोणी विचारील. एक हानि डोळ्यांनाच दिसते. उजेड बहुधा वरूनच येणार, असें आपल्या डोळ्यांनीं जन्मभराच्या संवयीनें धरून ठेविलें आहे. चंद्रावरील विवरांचें छायाचित्र उलटें धरून पाहा. खळग्यांच्या जागीं टेंगळें दिसूं लागतात. सांवलीची बाजू बदलली कीं खोलाचें उंच होतें, इतकें तिचें सामर्थ्य आहे. मग एकाच चित्रांत तांब्याच्या अंगावरील छाया फळ्यावरून घेतलेली आणि पडछाया मेजावर पाहून काढलेली, असें झालें म्हणजे दोन सूर्यांचें जग तयार होतें. पाहणाऱ्यास कारण सांगतां येत नाहीं, पण चित्र त्याला खोटें वाटतें.

दुसरी हानि याहून मोठी आहे. ती समजण्यासाठीं एक जुनी गोष्ट सांगतों. १६०९ सालीं, जुलैच्या अखेरीस, इंग्लंडांत टॉमस हॅरियट या विद्वान् गणितज्ञानें दुर्बिणींतून चंद्र पाहिला आणि त्याचें चित्र काढलें. उजेड आणि अंधार यांची सीमा वांकडीतिकडी आहे, एवढें त्यानें दाखविलें. परंतु ती तशी कां, याचा उलगडा त्या चित्रांत नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलींतील पादुआ शहरांत गॅलिलिओनें तोच चंद्र दुर्बिणींतून पाहिला. गॅलिलिओनें चित्रकलेचा अभ्यास केलेला होता. पुढें १६१३ सालीं फ्लॉरेन्सच्या चित्रकला अकादमीनें त्याला आपला सभासदहि करून घेतलें. त्यानें पाहिलें कीं, सीमेच्या पलीकडे, अंधाऱ्या भागांत, सुटे उजळ ठिपके आहेत आणि ते हळूहळू मोठे होत उजेडाला येऊन मिळतात. सूर्योदयाच्या वेळीं सह्याद्रीच्या शिखरावर ऊन पडतें आणि खालच्या खोऱ्यांत मात्र अजून काळोख असतो, तसाच हा प्रकार. तेव्हां ते ठिपके म्हणजे डोंगरांचीं शिखरें! चंद्र गुळगुळीत गोळा आहे, ही शेंकडों वर्षांची समजूत त्या सांवल्यांनीं मोडली. १६१० च्या मार्चमध्यें त्याचें पुस्तक व्हेनिस येथें प्रसिद्ध झालें; आणि त्यानंतरच्या हॅरियटच्या चित्रांतहि विवरें स्पष्ट दिसूं लागलीं.

आठवी-नववीच्या मुलांनीं त्याचें गणितहि करून पाहावें. गॅलिलिओनें चंद्राचा व्यास सुमारें २,००० मैल धरला, आणि उजळ ठिपका सीमेपासून व्यासाच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे १०० मैल दूर आहे असें मोजलें. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू झाल्या १,००० आणि १००. त्यांच्या वर्गांची बेरीज १०,१०,०००. तिचें वर्गमूळ सुमारें १,००५. त्यांतून त्रिज्या वजा केली कीं शिखराची उंची उरते. ती चार मैलांहून अधिक आहे, असें गॅलिलिओनें लिहिलें. जेथें मनुष्याचें पाऊल पडलें नव्हतें तेथील डोंगर एका सांवलीवरून मोजतां आला. हॅरियट कमी बुद्धिमान् होता असें मुळींच नाहीं. ज्याच्या डोळ्यांस सांवलीचा अर्थ लावण्याची संवय होती त्याला डोंगर आधीं दिसले, इतकाच त्याचा इत्यर्थ. आमच्या मुलांना आम्ही ही संवय लावणार, कीं फळ्यावरील ओळ देणार?

थोर चित्रकारांनीं उजेडाची बाजू कधीं आंधळेपणानें ठरवून घेतली नाहीं. रोममधील सान लुईजी देई फ्रांचेझी या देवालयांत काराव्हाज्जो या चित्रकारानें १५९९-१६०० सालीं जकातदार मत्तयाच्या पाचारणाचें चित्र काढलें. त्यांत उजेड उजवीकडून, प्रभु येशू ज्या बाजूस उभा आहे त्या बाजूनें येतो आणि मेजाभोंवतीं बसलेल्या मंडळींच्या तोंडांवर पडतो. त्या चित्रांत एक खिडकीहि आहे, पण तिच्यांतून खोलींत उजेड येत नाहीं! आणि गंमत अशी कीं, ज्या भिंतीवर तें चित्र आहे तेथें प्रत्यक्ष खिडकीचा उजेडहि उजवीकडूनच, वेदीच्या बाजूनें येतो. आमच्यापैकीं सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) यांचें, हातांत दिवा घेतलेल्या स्त्रीचें जलरंगांतील चित्र पुष्कळांनीं छापील स्वरूपांत पाहिलें असेल. तें मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. कित्येक लोक तें राजा रविवर्म्याचें समजतात. परंतु रविवर्मा १९०६ सालीं वारले, आणि हें चित्र हळदणकरांनीं १९४५ च्या सुमारास, आपल्या मुलीला समोर उभी करून काढलें. त्यांत उजेड ना डावीकडचा, ना वरचा. तो तिच्या हातांतल्या दिव्याचा आहे, बोटांच्या फटींतून तो लालसर दिसतो आणि खालून तोंडावर चढतो. माझा फळ्यावरचा नियम पाळला असता तर हीं दोन्हीं चित्रें जन्मासच आलीं नसतीं.

यावर कोणी म्हणेल, लहान मुलास आरंभीं कांहीं तरी नियम हवाच. शिवाय आपल्या जुन्या चित्रकलेंतहि नियमानेंच छाया देत. दोन्हीं आक्षेपांत तथ्य आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत छायेला वर्तना म्हटलें असून तिचे पत्रजा, ऐरिका आणि बिंदुजा असे तीन प्रकार सांगितले आहेत : पानाच्या शिरांसारख्या रेघांनीं, सूक्ष्म हलक्या छटेनें आणि ठिपक्यांनीं. अजिंठ्याच्या भिंतींवर गालाचा, नाकाचा, बाहूचा गोलवा अशाच वर्तनेनें साधला आहे. तेथें एका दिव्याचा वा एका खिडकीचा हिशेब नाहीं, पडछायाहि नाहीं. पण त्या कारागिरांना आपण काय करीत आहों हें पक्कें ठाऊक होतें. त्यांना शरीराचा उंचसखलपणा दाखवावयाचा होता, आणि तो त्यांनीं पाहून, मनांत मुरवून दाखविला. ते "समोर दिसतें तसें" काढतों असें म्हणत नव्हते. आम्ही मात्र मुलाला समोर बघावयास सांगतों आणि त्यानें बघितलेलें खोडावयास लावतों. राहिला नियमाचा प्रश्न. अक्षर शिकतांना आधीं गिरवावें लागतें, हें खरेंच. परंतु जन्मभर गिरवीत बसलेल्याला कोणी लेखक म्हणत नाहीं.

परीक्षेविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. शासकीय रेखाकला परीक्षांपैकीं इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यांस दहावीला वाढीव गुण मिळण्याची सोय आहे, आणि त्यासाठीं मुलांनीं परीक्षेस बसावें याला माझी हरकत नाहीं. उलट वस्तुचित्र आणि स्थिरचित्र हे विषय त्यांत आहेत हें चांगलेंच आहे. पण ते विषय मुळांत समोरची वस्तु पाहावी म्हणून ठेविले आहेत. घरीं मोबाईलवरील चित्र पाहून तेंच वीस वेळां उतरविलें, आणि परीक्षेंत समोर घागर असतांना पाठ केलेली घागर काढली, तर त्या विषयाचा हेतूच फसला. छायाचित्रांत सांवली दुसऱ्यानें आधींच पाहून ठेविलेली असते.

तेव्हां पालकांस माझी विनंति आहे ती अशी. एखाद्या संध्याकाळीं घरांतील सर्व दिवे मालवून एकच दिवा ठेवा. पांढऱ्या कागदावर एक अंडें किंवा बटाटा ठेवा आणि मुलाला दिवा हातांत धरून सभोंवार फिरवूं द्या. सांवली कशी लांबते, आंखडते, बाजू बदलते, हें त्याला पाहूं द्या. मग दिवा एका जागीं ठेवून काढावयास सांगा. डोळे किंचित् मिटून पाहिलें कीं बारीकसारीक गोष्टी नाहींशा होऊन उजेडाचे आणि छायेचे मोठे भाग दिसतात, हें त्याला सांगा. पेन्सिलीची भुकटी बोटानें घासून धुरकट करूं देऊं नका. गोलाव्याच्या वळणानें रेघा ओढूं द्या. आणि चित्र झाल्यावर "कोणतें चित्र पाहून काढलेंस?" असें न विचारतां, "उजेड कोठून येत होता?" एवढेंच विचारा. ज्या मुलाला याचें उत्तर देतां येतें त्याचें चित्र वेडेंवांकडें असलें तरी तें खरें आहे. शाळेंत आम्हीहि आतां वर्गांतील चारी ट्यूबलाइट त्या तासापुरते बंद करतों, कारण चोहोंकडून उजेड आला कीं छायाच उरत नाहीं. एकच खिडकी उघडी ठेवतों.

फळ्यावरचा तो नियम मीं पुसून टाकला आहे. त्याऐवजीं, काढावयास आरंभ करण्यापूर्वीं प्रत्येकानें पानाच्या कोपऱ्यांत एक लहान बाण काढावा, आपल्या जागेवरून उजेड ज्या दिशेनें येतो त्या दिशेचा, एवढेंच सांगतों. डिसेंबरांत सातवीच्या वर्गाचीं पानें माझ्या हातीं आलीं. गठ्ठ्यांत पाहिलीं तेव्हां कोठें बाण डावीकडून, कोठें उजवीकडून, कोठें समोरून. पाहणाऱ्यास वाटावें कीं मुलांचें कांहीं तरी चुकलें. मग मीं तीं पानें, जीं मुलें जेथें बसलीं होतीं त्या जागांप्रमाणें, मेजाभोंवतीं जमिनीवर मांडलीं. सारे बाण एकाच बाजूनें, पूर्वेच्या खिडकीकडून येत होते. कोणाची सांवली दुसऱ्यासारखी नव्हती, आणि कोणाचीहि खोटी नव्हती.

दक्षिणेकडच्या पानांत एक त्या मुलीचें होतें. तिनें मडक्याची छाया डावीकडे दिली होती.